घरचा संगणक आणि न बोलावलेल्या जाहिराती

गेल्या काही वर्षांत आपल्या चाळींतून, वस्त्यांतून आणि गावाकडच्या घरांतूनही संगणक दिसू लागला आहे. कुणी कचेरीतून निघालेला जुना संगणक घेतो, कुणी हप्त्याने लॅपटॉप आणतो. हा खर्च कष्टकरी घरात सहजासहजी होत नाही. त्यासाठी आईने भिशी उचललेली असते, वडिलांनी ओव्हरटाइम केलेला असतो. मुलांचा अभ्यास व्हावा, स्पर्धा परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे आणि नोकरीचे फॉर्म घरीच भरता यावेत, सायबर कॅफेत दरवेळी पैसे मोजावे लागू नयेत, एवढीच त्यामागची इच्छा असते.

परंतु सहा महिने होतात न होतात तोच तक्रारी सुरू होतात. संगणक मंद चालतो. गूगल उघडायला जावे तर भलतेच पान उघडते. फॉर्म भरता भरता मध्येच जाहिराती येतात. पडद्याच्या कोपऱ्यात "तुमच्या संगणकात व्हायरस आहे" अशा पाट्या उमटतात. मग दुरुस्तीवाल्याला बोलवावे लागते. तो विंडोज नव्याने टाकून देतो, पाचशे-सातशे रुपये घेतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच सुरू होते. हा आजार नेमका काय आहे, तो घरच्या घरी कसा काढावा आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, हे आम्ही या लेखात साध्या शब्दांत सांगणार आहोत. त्यासाठी संगणकाचे फार मोठे शिक्षण लागत नाही. दहावीतल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवून, लेख समोर ठेवून एका दुपारी हे काम होऊ शकते.

हा आजार कोणता?

ज्यातून आपण इंटरनेटवरची पाने पाहतो त्या प्रोग्रामला ब्राउझर म्हणतात. क्रोम, एज, फायरफॉक्स हे सारे ब्राउझर होत. आपल्याला न विचारता संगणकावर जाहिराती दाखवत राहणाऱ्या प्रोग्रामला ॲडवेअर म्हणतात. ब्राउझरचे पहिले पान, शोध घेण्याची जागा आणि नवा टॅब परस्पर बदलून आपल्याला स्वतःच्या पानावर ओढून नेणाऱ्या प्रोग्रामला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. हायजॅक म्हणजे बळकावणे. घर आपले, पण दारावर पाटी दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

हे प्रोग्राम बहुधा फाइली नष्ट करीत नाहीत किंवा संगणक बंद पाडत नाहीत. म्हणून पुष्कळजण त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. तसे करू नये. आपण काय शोधतो, कोणती पाने पाहतो, याची नोंद ते दुसरीकडे पाठवू शकतात. बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळ शोधताना ते खोट्या पानाकडे नेऊ शकतात. ज्या घरात एकाच बँक खात्यावर पगार, शिष्यवृत्ती आणि गॅसचे अनुदान येते, त्या घराला एक चूकही परवडत नाही.

पैसा कोण कमावतो?

एवढा खटाटोप कोणी कशासाठी करील, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे, पैशासाठी. एखादा प्रोग्राम फुकट वाटणारा माणूस त्याच्यासोबत दुसऱ्याचा जाहिरातीचा प्रोग्रामही बांधून देतो. तो जितक्या संगणकांवर चढेल तितके पैसे वाटणाऱ्याला मिळतात. चढलेला प्रोग्राम आपल्याला जाहिरातींच्या पानांवर नेतो आणि प्रत्येक भेटीमागे, प्रत्येक टिचकीमागे कुणाला तरी काही पैसे सुटतात. एका संगणकामागे ही रक्कम क्षुल्लक असते, पण लाखो संगणकांची मिळून ती मोठी होते.

याची नोंदलेली उदाहरणे आहेत. २००७ पासून एस्टोनिया या देशातील एका टोळीने डीएनएसचेंजर नावाचा प्रोग्राम पसरवला. शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांमध्ये तो शिरला होता. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा खरा पत्ता सांगणारी व्यवस्था. टोळीने ती व्यवस्थाच बदलली आणि लोकांना आपल्या जाहिरातींकडे वळवून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर कमावले. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये हे प्रकरण उघडकीस आणले. लोकांचे इंटरनेट एकाएकी बंद पडू नये म्हणून काही महिने पर्यायी व्यवस्था चालवावी लागली. ती ९ जुलै २०१२ रोजी थांबविण्यात आली.

जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाच्या ब्राउझर हायजॅकरची माहिती प्रसिद्ध केली. जगातील २५ कोटी संगणकांत तो शिरला असून त्यांपैकी २ कोटी ५३ लाख भारतातील आहेत, असा त्या कंपनीचा अंदाज होता. हा आकडा फुगवलेला आहे असे मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटले. आकड्यावर वाद असला तरी तो फुकट प्रोग्रामांसोबत बांधून येत होता, यावर वाद नव्हता.

नवा कोरा संगणक घेतला म्हणजे धोका टळला, असेही नाही. २०१४ च्या अखेरीस विकल्या गेलेल्या लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिरातीचा प्रोग्राम कारखान्यातूनच भरलेला होता. बँकेच्या पानावर जे कुलपाचे चिन्ह पाहून आपण निर्धास्त होतो, त्या कुलपाची सुरक्षितताच या प्रोग्रामने मोडीत काढली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे जगापुढे आले. कंपनीला तो काढून टाकण्याचे साधन द्यावे लागले आणि २०१७ मध्ये अमेरिकेतील सरकारी यंत्रणांशी तडजोड करावी लागली.

घरात संशय नको

येथे एक कौटुंबिक बाब मुद्दाम सांगितली पाहिजे. या जाहिरातींमध्ये पुष्कळदा अश्लील चित्रे असतात. वडील कामावरून येतात, संगणक उघडा असतो आणि पडद्यावर नको ते दिसते. लगेच मुलीवर किंवा मुलावर आळ येतो. आमच्या माहितीतील एका घरी बारावीत शिकणाऱ्या मुलीचा संगणक याच कारणाने दोन महिने कपाटात बंद होता. ती रडून सांगत होती, कुणी ऐकले नाही. पुढे तिच्या मामाने यंत्र तपासले, तेव्हा व्हिडिओ उतरवून घेण्याचा एक फुकट प्रोग्राम निघाला. तो घरातल्याच थोरल्या भावाने टाकलेला होता. प्रोग्राम काढताच जाहिराती थांबल्या. मुलीचे दोन महिने मात्र परत आले नाहीत.

म्हणून आईवडिलांना आमचे सांगणे आहे की, असे चित्र दिसले तर आधी यंत्र तपासावे, मग माणसाला विचारावे. आणि मुलांनीही काही विचित्र दिसू लागले तर भीतीपोटी लपवू नये, त्याच दिवशी घरात सांगावे. लपविल्याने यंत्रातला आजारही वाढतो आणि घरातला संशयही.

काढावे कसे?

प्रथम आपली महत्त्वाची कागदपत्रे, म्हणजे गुणपत्रिका, जातीचा दाखला, फोटो, फॉर्मच्या पावत्या, पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. केवळ कागदपत्रे घ्यावीत, प्रोग्राम घेऊ नयेत. सफाई पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावर बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड टाकू नये. त्यानंतर पुढील पायऱ्या याच क्रमाने कराव्यात.

पहिली पायरी. कोपऱ्यातल्या पाट्या बंद कराव्यात. "तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा" असे एखादे पान सांगते आणि आपण दाबतो. त्यामुळे त्या पानाला आपल्या पडद्यावर पाट्या लावण्याची परवानगी मिळते. व्हायरसच्या पुष्कळशा पाट्या एवढ्याच कारणाने येतात, प्रत्यक्षात संगणकात व्हायरस नसतोही. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके असतात. ते दाबून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स येथे जावे. परवानगी दिलेल्या पानांची यादी दिसेल. अनोळखी नावे काढून टाकावीत.

दुसरी पायरी. नको असलेले प्रोग्राम काढावेत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स या भागात सर्व प्रोग्रामांची यादी असते. ती तारखेप्रमाणे लावावी. त्रास ज्या सुमारास सुरू झाला त्या सुमारास आलेले प्रोग्राम वर दिसतील. टूलबार, सर्च, कूपन, पीसी वेगवान करणारा, ड्रायव्हर अपडेट करणारा, अशा नावांवर विशेष लक्ष ठेवावे. जे आपण टाकलेले नाही ते अनइन्स्टॉल करावे. काढताना काही प्रोग्राम "खरेच काढायचे का? त्याऐवजी हे घ्या" असे विचारतात. तेथे प्रत्येक ओळ वाचूनच बटण दाबावे. ज्या नावावर मायक्रोसॉफ्ट, इंटेल किंवा संगणक बनविणाऱ्या कंपनीचा उल्लेख आहे, ते जाणकाराला विचारल्यावाचून काढू नये.

तिसरी पायरी. ब्राउझरमधील जोडण्या तपासाव्यात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. तीन ठिपके दाबून एक्स्टेन्शन्स, मग मॅनेज एक्स्टेन्शन्स येथे जावे आणि ज्यांचा उपयोग सांगता येत नाही त्या जोडण्या रिमूव्ह कराव्यात.

चौथी पायरी. ब्राउझर मूळ स्थितीला आणावा. क्रोम आणि एज या दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये रीसेट सेटिंग्ज असा भाग असतो. फायरफॉक्समध्ये हेल्प विभागात रिफ्रेश फायरफॉक्स अशी सोय असते. क्रोममध्ये रीसेट केल्याने पहिले पान आणि शोधाची जागा पूर्ववत होते आणि जोडण्या बंद पडतात. जपून ठेवलेल्या खुणा आणि पासवर्ड पुसले जात नाहीत, म्हणून घाबरू नये. उघडलेल्या खात्यांत मात्र पुन्हा प्रवेश करावा लागेल.

पाचवी पायरी. ब्राउझरचे चिन्ह तपासावे. सारे करूनही क्रोम उघडताच तेच पान येत असेल, तर पडद्यावरील क्रोमच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीज उघडावे. टार्गेट या चौकटीत क्रोम डॉट ईएक्सई या नावानंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तो तेवढा पुसावा. सोपा उपाय म्हणजे ते चिन्ह काढून टाकून नवे करावे.

सहावी पायरी. संपूर्ण तपासणी करावी. विंडोजमध्ये विंडोज सिक्युरिटी नावाचा रक्षक फुकट असतो. त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग स्कॅन ऑप्शन्स येथे जाऊन फुल स्कॅन निवडावे. जुन्या संगणकाला त्यासाठी काही तास लागू शकतात. त्याशिवाय ॲडवेअर शोधण्यासाठीच बनविलेला ॲडडब्ल्यूक्लीनर हा प्रोग्राम फुकट मिळतो. तो २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. तो त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा, दुसरीकडून घेऊ नये. सफाईची औषधे म्हणून वाटले जाणारे कितीतरी प्रोग्राम स्वतःच रोग असतात. क्रोममधले सफाईचे साधन वापरा, असा सल्ला जुन्या लेखांत आढळेल. ते साधन मार्च २०२३ मध्ये बंद झाले आहे, ते शोधत बसू नये.

आपल्या सरकारचीही एक सोय आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावरून घातक प्रोग्राम काढण्याची साधने विनामूल्य घेता येतात.

काढूनही परत येत असेल तर

तीन ठिकाणे पाहावीत. पहिले ठिकाण म्हणजे गूगल खाते. क्रोममध्ये सिंक चालू असेल, तर काढलेली जोडणी दुसऱ्या यंत्रावरून किंवा खात्यातून परत उतरते. अशा वेळी सिंक बंद करून सर्व यंत्रे साफ करावीत, मगच ते पुन्हा चालू करावे. दुसरे ठिकाण म्हणजे घरच्या संगणकावर क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या यादीत दिसणारे 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' हे वाक्य. कचेरीच्या संगणकावर ते योग्य असते. घरच्या संगणकावर मात्र हायजॅकरने नियम घालून ठेवल्याची ती खूण असू शकते. कचेरीतून आलेल्या जुन्या यंत्रात तो त्या कचेरीचाही अवशेष असू शकतो. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. तिसरे ठिकाण म्हणजे वायफायचा राउटर. घरातल्या सर्वच फोनवर आणि संगणकावर एकाच वेळी त्रास होत असेल, तर राउटरमधील डीएनएस बदललेले असू शकते. राउटर मूळ स्थितीला आणून त्याचा पासवर्ड बदलावा.

एवढे करूनही गुण आला नाही, तर मात्र विंडोज नव्याने टाकणे हाच उपाय उरतो. ती टाकणाऱ्याला चोरीची प्रत टाकू देऊ नये. सफाई झाल्यावर ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड बदलावेत.

पुन्हा होऊ नये म्हणून

या आजाराचे मूळ बहुतेक वेळा फुकट प्रोग्राम उतरवण्याच्या घाईत असते. चांगल्या कंपन्याही येथे निर्मळ राहिलेल्या नाहीत. जावा नावाचा प्रोग्राम टाकताना २०१५ पर्यंत कित्येक वर्षे सोबत आस्क टूलबारची चौकट आधीच खूण करून ठेवलेली असे. घाईने नेक्स्ट, नेक्स्ट दाबणाऱ्याच्या संगणकात तो टूलबार गेलाच. म्हणून प्रोग्राम टाकताना कस्टम किंवा ॲडव्हान्स्ड हा मार्ग निवडावा, प्रत्येक पान वाचावे आणि आधीच केलेल्या खुणा काढाव्यात. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या ४३ आणि ६६ या कलमांनुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात घातक प्रोग्राम सोडणे दंडनीय आहे. पण "आय ॲग्री" दाबून परवानगी आपणच दिलेली असते, त्यामुळे पुढे दाद मागणे कठीण जाते. सही करण्यापूर्वी कागद वाचावा हे आपण सावकाराच्या आणि ठेकेदाराच्या अनुभवातून शिकलो आहोत. येथेही तोच नियम लागू आहे.

चोरीचे प्रोग्राम टाकू नयेत. त्यांची चावी म्हणून मिळणाऱ्या फाइलीतच पुष्कळदा हा आजार असतो. आपल्याकडे मुले मराठी टंकलेखनासाठी कुठलेही फुकट प्रोग्राम उतरवतात. त्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा कळफलक आधीपासून आहे आणि २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिण्याचा मराठी फोनेटिक कळफलकही मिळतो. अर्ज आणि हिशेब लिहिण्यासाठी लिब्रे ऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे.

शिष्यवृत्तीचे किंवा दाखल्याचे पान शोधताना पहिल्या ओळीवर डोळे मिटून टिचकी देऊ नये. वरच्या काही ओळी पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात आणि त्यावर स्पॉन्सर्ड असे लिहिलेले असते. महाडीबीटीसारख्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो, हे मुलांना पाठ करायला लावावे.

विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन येथे नको असलेले ॲप रोखण्याचे बटण आहे. ते चालू आहे की नाही पाहावे. मुलांसाठी स्टँडर्ड प्रकारचे वेगळे खाते काढून द्यावे आणि प्रोग्राम टाकण्याचा पासवर्ड एका जबाबदार माणसाकडे ठेवावा.

जुने यंत्र घेताना त्यात कोणती विंडोज आहे हे विचारावे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नव्या विंडोजला न पेलणाऱ्या यंत्रावर लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली चालू शकते. अभ्यास, टंकलेखन आणि इंटरनेट ही कामे तिच्यावर होतात.

फोन नंबर दिसला तर

कधीकधी सारा पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि "मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर फोन करा" असे लिहून येते. तो नंबर चोराचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. फोन करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. फोन केलाच, तर ते लोक एनीडेस्कसारखा प्रोग्राम टाकायला सांगून आपला संगणक लांबून ताब्यात घेतात. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधल्या मध्ये अडविण्याची शक्यता अधिक असते.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून संगणकाजवळ चिकटवाव्यात, असे आम्ही सुचवितो. वाचल्याशिवाय नेक्स्ट दाबू नये. अनोळखी पानाला अलाऊ देऊ नये. चोरीचा प्रोग्राम टाकू नये. पडद्यावर दिसलेल्या नंबरवर फोन करू नये. घरातील ज्या मुलीला किंवा मुलाला हे काम जमले, त्याने आळीतल्या आणखी दोन घरांचे संगणक साफ करून द्यावेत आणि करताना त्या घरातील माणसांना शेजारी बसवावे, म्हणजे पुढल्या वेळी त्यांना कुणाला बोलवावे लागणार नाही.